मावशीचे तीस

ता. १२ एप्रिल

चि. धाकटीस,
थोरलीचे आशीर्वाद. वि. वि.

नाही, माझं वय झालेलं नाही. तू तसं विचारलेलं नाहीस हे मला माहीत आहे, पण तुझ्या पत्रातल्या प्रत्येक ओळीखाली तेच दबा धरून बसलंय. गुडघे चालतात. लांबचं दिसतं. जवळचं दिसत नाही, पण जवळ बघण्यासारखं आता उरलंय काय? ऐकू येतं. फोनवर येत नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही. म्हणून मी पत्र लिहिते आणि उत्तरही पत्रानंच घेते. ज्याला घाई असेल त्यानं लवकर लिहावं.

आता तुझ्या लेकीचं. भिंगरी बागांचे फोटो काढते असं तू दोन वर्षं समजत होतीस. ती गाडी घेऊन वादळांच्या मागे जाते हे तुला तिनं आपण होऊन सांगितलं, हे आधी ध्यानात घे. दुसरीनं आणखी दोन वर्षं बागा दाखवल्या असत्या. तिच्या शेजारी बसून आभाळावर नजर ठेवणारी मैत्रीण बदली होऊन गेली, आणि एकटीनं जायचं नाही हा तिचा स्वतःचाच नियम. मग तू तिला म्हणालीस की ताईला घेऊन जा, ताई हो म्हणाली तर मी तोंड उघडणार नाही, आणि नाही म्हणाली तर त्या पासपोर्ट फोटोवाल्याच्या दुकानात जाऊन बस. हे तिला सांगितलंस. आणि मला वेगळं पत्र, की ताई, तू जा आणि नाही म्हण.

हे मला आवडलं नाही. मी न बघता नाही म्हणत नाही, बघून म्हणते. चौथीनंतर माझी शाळा सुटली असेल, पण चौतीस वर्षं बटणांच्या कारखान्यात मोजणीच्या टेबलावर बसले आहे. एका डबीत एकशे चव्वेचाळीस. एकशे त्रेचाळीस गेली असं एकदाही झालं नाही. डबी बघितल्याशिवाय मी झाकण लावत नाही.

तू मात्र उंटावरून शेळ्या हाक. ढगाचा तुकडा दिसला की घरातले सगळे प्लग काढतेस आणि शिवणयंत्रावर चादर टाकतेस. अगं, ते पायानं चालतं! वर सगळ्यांना थांब जरा, थांब जरा. लहानपणी शाळेला निघाले की थांब जरा, बस दारात उभी असली तरी थांब जरा. तुझ्या त्या दोन शब्दांपायी माझ्या तीन बसा चुकल्या आणि एक चांगलं स्थळ.

मी जाते. बघते. आणि एका ओळीत हो किंवा नाही कळवते. फापटपसारा माझ्याकडे नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची गरज नाही.

तुझी,
थोरली


ता. १९ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू येणार हे वाचून मी खुर्चीतून उठून नाचले आणि दिव्याला डोकं आपटून घेतलं. म्हणजे या मोसमातली पहिली इजा घरातच झाली. हे आईला सांगू नकोस.

फोटो कशासाठी ते आधी सांगते. एक प्रकाशकबाई मुलांसाठी ढगांचं पुस्तक काढतायत. त्यांना एक फोटो हवाय, वादळाचा अख्खा ढग, पायापासून माथ्यापर्यंत एका चित्रात, विजेसकट. तो त्यांना पटला तर सगळं पुस्तक माझं. पंधरा जूनपर्यंत द्यायचाय. नाही जमला तर फोटोवाल्या काकांच्या दुकानात माझ्यासाठी स्टूल तयारच आहे. काकांनी त्यावर गादीसुद्धा शिवून घेतली. कुणाकडून ते तुला सांगायला नको.

आता नियम. लोकांना वाटतं आम्ही वादळाच्या तोंडात जातो. अख्खा ढग चित्रात यायचा तर उलट लांबच राहावं लागतं, त्याच्या वाटेतून बाजूला. गाडी थांबवली की तिचं तोंड आधी परतीच्या रस्त्याकडे. टाकी अर्ध्याखाली कधी नाही. झाड, खांब, तारेचं कुंपण, पाणी यांच्याजवळ थांबायचं नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी त्यातून गाडी घालायची नाही, पंचवीस मैल फिरून यायचं. गाडी चालवताना मी आभाळाकडे बघणार नाही, ते तू बघायचं. आणि छत्री आणलीस तरी उघडायची नाही.

तुझं खरं काम मोजण्याचं. वीज दिसली की एक, आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचं. तीस सेकंदांच्या वर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या पलीकडे आहे, मी बाहेर उतरून स्टँड लावू शकते. तीसच्या आत आलं की दोघी गाडीत, काचा वर, हात मांडीवर, कुठल्याही लोखंडाला स्पर्श नाही. कॅमेरा बाहेर एकटा राहतो, त्याचं बटण मी आतून दाबते. आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास कुणीही उतरायचं नाही, काहीही झालं तरी. मोबाइलवरही विजा दिसतात, पण ऐन वेळी रेंज जाते. तुझी रेंज जात नाही.

खरं सांगू? बटणं मोजणाऱ्या मावशीपेक्षा चांगला माणूस या कामाला मिळाला नसता.

माझ्यावरचा लोभ आईच्या वाट्यातला असेल तर परत करणार नाही.

तुझी,
भिंगरी


ता. ५ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

गेले, बघितलं, आले.

तुझ्या लेकीचं काम म्हणजे वाट बघणं. सकाळी नऊला निघालो आणि दुपारी तीनपर्यंत एका पेट्रोल पंपाच्या आवारात बसलो. सहा तास! मी तिला म्हटलं की वादळाला पत्ता तरी नीट दिला होतास का. ती हसली आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला. मी सात खाल्ली. आवार दोनदा चालून आले. टायरमध्ये हवा भरणाऱ्याला त्याची नळी कुठे गळतेय ते दाखवून दिलं. एका बाईच्या मुलाच्या शर्टाला बटण नव्हतं, ते लावून दिलं, सुईदोरा माझ्या पिशवीत असतो. तरी तीन वाजेनात.

मग पश्चिमेला एक ढग आला. आधी फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा. मी म्हटलं, यासाठी? अर्ध्या तासात तो गड्डा असा वर चढला की माथा बघायला मान मागे टाकावी लागली. वरून सपाट, कुणी इस्त्री फिरवल्यासारखा, आणि खालून काळा. भिंगरी माझ्याकडे बघत होती म्हणून मी रुमालानं नाक पुसलं.

गाडी तिनं सांगितल्यासारखी लावली, तोंड परतीला. झाड नाही, खांब नाही, मी स्वतः चौफेर बघितलं. मी मोजत होते, ती स्टँड लावत होती. पहिल्यांदा चव्वेचाळीस आले, मग चाळीस, मग छत्तीस. सगळे तीसच्या वर. ती अगदी बेतानं वागते गं, मला तिचं एकही पाऊल वेडंवाकडं दिसलं नाही. मी तर समजत होते की पोरगी हात पसरून पावसात नाचत असेल.

मग एक जरा मोठा आवाज झाला आणि आम्ही घरी आलो. फोटो तिला हवा तसा आला नाही, माथा कापला गेला.

अजून एकदा बघते आणि मग काय ते कळवते. एका डबीवरून माल पास करत नाहीत.

कळावे. लोभ जागेवर आहे.

थोरली


ता. ९ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. तू रागावशील. रागाव, पण वाचून रागाव.

त्या दिवशी दोन शेतं पलीकडच्या झाडावर वीज पडली. तुला तो जरा मोठा आवाज वाटला, निदान गाडीत बसल्यावर तू तसं म्हणालीस. मी तेव्हा हातात स्टँड धरून बाहेर उभी होते आणि तू दाराला टेकून छत्तीस म्हणून नुकतीच गप्प झाली होतीस. मला रात्रभर कळेना की छत्तीसवर असं कसं झालं.

गाडीच्या पुढच्या काचेला एक छोटा कॅमेरा आहे, तो चित्र आणि आवाज दोन्ही घेतो. त्यात वीज चमकलेली दिसते आणि तुझं मोजणं ऐकू येतं. मी घड्याळ लावून बसले. तू चव्वेचाळीस म्हणालीस तेव्हा बावीस सेकंद झाले होते. चाळीस म्हणालीस तेव्हा वीस. छत्तीसला अठरा. मावशी, तू दर वेळी बरोबर दुप्पट मोजलंस. तुझं चुकणंसुद्धा अचूक आहे. म्हणजे आपण अगदी सुरुवातीपासून गाडीत असायला हवं होतं.

चूक माझी. नव्या माणसाला घड्याळावर तपासल्याशिवाय न्यायचं नसतं. मैत्रिणीला मी तपासलं होतं. तुला कोण तपासणार म्हणून तशीच घेऊन गेले.

उद्याचं वादळ सोडून देतेय. चांगलं होतं, पण तुझं मोजणं बसेपर्यंत जायचं नाही. एक युक्ती आहे. प्रत्येक आकड्यानंतर एक लांब शब्द म्हणायचा, म्हणजे मध्ये तेवढा वेळ जातो. एक सूर्यफूल, दोन सूर्यफूल, असं. करून बघशील?

आईला मी यातलं काही कळवलेलं नाही. पण लपवायचंही नाही. सांगितलं तर ती मला स्टुलावर बसवणार हे ठरलेलं आहे, तरीसुद्धा. तू म्हणशील तेव्हा मीच लिहीन.

लोभाला धक्का लागला असेल तर हळूहळू भरून काढेन.

तुझी,
भिंगरी


ता. १४ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझा कॅमेरा बिघडलाय असं माझं पहिलं मत होतं.

तरी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर बसून मोजलं. साठ झाले तेव्हा काटा अर्ध्यावर. म्हटलं, हे घड्याळ सुस्त आहे, पाहुण्यांनी दिलेलं. मग गजराचं घड्याळ घेतलं. तेही तसंच. दोन्ही एकाच घरात राहून बिघडली असतील म्हणून कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे गेले. त्याच्या भिंतीवर चाळीस घड्याळं आहेत. त्यानं शर्यतीचं घड्याळ काढलं आणि मी मोजायला लागले. साठला तो म्हणाला की तीस. मी म्हटलं की तुमचं दुकानच मागे आहे. तो भिंतीकडे बघायला लागला. चाळीसच्या चाळीस घड्याळं माझ्या विरोधात गेली. पट्टा बदलायला आलेली दोन माणसं हसली. त्यांच्याकडे मी नंतर बघते.

का होतं ते मग घरी येताना कळलं. टेबलावर आम्ही दोन्ही हातांनी मोजायचो. डावा हात एक दोन, उजवा तीन चार. एका ठोक्याला दोन बटणं. हात बंद झाले तरी तोंडाला तीच चाल राहिली. बटणांना ते बरोबर होतं. आभाळातून जोडीनं काही येत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

सूर्यफूल मला जमत नाही. पाचव्यापर्यंत ठीक, दहाव्याला मी त्याचं सूफू करते, विसाव्याला नुसतं फू. घड्याळजीनं मोटारगाडी सांगितली, तिलाही मी पळवली. हत्ती, दरवाजा, आगगाडी, काही टिकलं नाही. कुठलाही शब्द माझ्या तोंडात दिला की तो धावतो.

शेवटी एक सापडलं. ते मला घाईनं म्हणताच येत नाही. तुझ्या आईचं. थांब जरा. साठ वर्षं ते तिच्या तोंडून असं रेंगाळत ऐकलंय की ते त्याच चालीनं बाहेर येतं, ढकललं तरी पुढे सरकत नाही. एक थांब जरा, दोन थांब जरा. घड्याळजीसमोर मोजलं. माझे तीस झाले तेव्हा त्याचे एकतीस. वर एक सेकंद जास्तीचा, तो ठेव. त्यानं उठून मला खुर्ची दिली.

रोज सकाळी आणि संध्याकाळी शंभर मोजते. समोरच्या बाईंनी विचारलं की कुणाला थांबवताय. मी खिडकी लावून घेतली.

आता नीट ऐक. हा शब्द कुठला ते तुझ्या आईला कळता कामा नये. कळलं तर ती मरेपर्यंत मला ऐकवेल, आणि ती माझ्यापेक्षा लहान आहे. झाडाचं मात्र मी स्वतः सांगणार. तू नाही. आकडा माझा चुकला, तोंड माझं. केव्हा सांगायचं ते मी ठरवते.

घाबरली होतीस का ते मी विचारत नाही. मीही सांगत नाही.

कळावे. लोभ मोजून दिलाय, पुन्हा मोजायची गरज नाही.

मावशी


ता. २० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. एका ओळीत कळवते म्हणालीस आणि दोन पानं लिहिलीस. त्यात पेट्रोल पंप आहे, बिस्किटं आहेत, परक्याच्या मुलाचं बटण आहे, आणि हो किंवा नाही मात्र नाही. म्हणजे काहीतरी झालंय.

थांब जरा, लगेच कागद पुढे ओढू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. जरा मोठा आवाज झाला असं तू लिहिलंस. तुझं जरा मला माहीत आहे. आपल्या मागच्या खोलीची भिंत पडली तेव्हा तू मला कळवलं होतंस की जरा माती आली. तुझा पाय मोडला तेव्हा जरा मुरगळला होता. आता तो आवाज कसला होता ते मला सरळ सांग.

फोटोवाले विचारत होते. त्या स्टुलावर बसून दिवसभर लोकांना हनुवटी वर करा म्हणून सांगायचं, हे काही फार मोठं सुख नाही, मलाही कळतं. भिंगरी लहानपणी पडद्यांच्या उरलेल्या कापडाचे ढग करायची आणि मी ओरडायचे की अस्तर वाया घालवू नकोस. पण स्टुलावर वीज पडत नाही ना गं.

तू मला हसतेस. हस. ढग आला की मी सगळे प्लग काढते हे खरं. पण एक काढत नाही. फोनचा. तो राहू देते आणि त्याच्यापासून चार हात लांब उभी राहून त्याच्याकडे बघत बसते. तिचा आला तर, म्हणून.

ताई, मी तुला नाही म्हणायला सांगितलं ते चुकलं. तुला शिकवायला जाणं म्हणजे शिवलेलं उसवणं. तू बघितलं आहेस, तू सांग. पण खरं सांग. तू हो म्हणालीस तर मी पुन्हा शब्द काढणार नाही, हे मी मोठ्या तोंडानं म्हणून बसले आहे. म्हणून तर जास्त भीती वाटते. दहा जूनपर्यंत कळव.

लोभाचं काय लिहू, तो तुझ्याकडून न मागता येतो आणि न सांगता ओरडतो.

तुझी,
धाकटी


ता. ३ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कालपासून मी घरात एकटीच हसतेय.

तुला सोडून आल्यावर सगळे फोटो बघितले. मिळाला मावशी! अख्खा ढग, पाय, पोट, माथा, आणि उजवीकडून खाली उतरलेली वीज. प्रकाशकबाईंना पाठवला. तासाभरात त्यांचं उत्तर आलं की पुस्तक तुझं.

काल तुझं मोजणं चाललं होतं तेव्हा मी मनात सेकंद धरत होते, रागावू नकोस. एकदाही फरक पडला नाही. पंचेचाळीस आले, मग एकोणचाळीस, मग तेहतीस. आणि मग तू एकोणतीस थांब जरा म्हणालीस आणि गडगडाट झाला आणि मी अजून पुढचा श्वास घ्यायच्या आत तू गाडीत बसून दार लावलं होतंस. पासष्टाव्या वर्षी कुणी इतक्या चपळाईनं बसलेलं मी बघितलं नाही. मी बसले, काचा वर केल्या, आतून बटण दाबत राहिले. तिथपर्यंत सगळं नियमानं झालं.

मग वारा फिरला आणि स्टँड डुलायला लागला. मी मोडला तो नियम, मला माहीत आहे. तीन वर्षं पैसे साठवून घेतलेला कॅमेरा डोळ्यांसमोर झुकत होता. फक्त सहा पावलं होती. मी दाराच्या कडीला हात घातला. दुसऱ्या कुणाला मी कधीच उतरू दिलं नसतं.

तू माझ्या पिशवीचा पट्टा धरलास आणि ओरडलीस. मावशी, मी लहान असते तर रडले असते. तेच दोन शब्द, तीच चाल, तोच आवाज. मला क्षणभर वाटलं आई मागच्या सीटवर आहे. माझा हात आपोआप कडीवरून निघाला. पंचवीस वर्षांची सवय ती.

आणि मग वीज पडली. स्टँडच्या पलीकडे, खड्डा पडलाय तिथे, तू परत येताना बघितलास. मी गाडीपासून पावलं मोजून आले. बारा.

त्यानंतरचा अर्धा तास. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं आपण आत बसलो. अठराव्या मिनिटाला तू म्हणालीस की तुला जायचंय, आणि विसाव्याला म्हणालीस की खरंच जायचंय. मी म्हटलं की नियम तुलाही आहे. तू मला जे म्हणालीस ते मी इथे लिहीत नाही, पण तू बसून राहिलीस. तुझ्यासारखी बाई तीस मिनिटं काहीही न करता बसली, हा या मोसमातला सगळ्यात मोठा चमत्कार.

कॅमेरा वाचला. काच तडकली, पण आतले फोटो शाबूत. स्टँड गाडीकडे फिरून पडताना माझ्या हातून बटण दाबलं गेलं आणि एक शेवटचा फोटो निघालाय. तोही सोबत पाठवतेय. आईलाही एक पाठवला. तू काय ओरडलीस ते तिला सांगणार नाही, शब्द दिलाय. पण बाकीचं सगळं आता तिला कळायला हवं, माझ्या कडीवरच्या हातासकट. तू लिहिणार आहेस की मी लिहू?

लोभ असू दे म्हणायची सोय राहिली नाही, तो काल पट्ट्याला धरून दाखवलास.

तुझी,
भिंगरी


ता. ८ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

हो.

एका ओळीत कळवते म्हणाले होते, कळवलं. पण तू खरं सांग म्हणालीस, म्हणून आता पुढचं लिहिते. आधी बस. प्लग नंतर काढ.

तो मोठा आवाज म्हणजे दोन शेतं पलीकडच्या झाडावर वीज पडली. आम्ही दोघी बाहेर होतो. तुझ्या लेकीची चूक नव्हती. तिचे सगळे नियम बरोबर होते आणि ती ते पाळत होती. मी सांगितलेला आकडा चुकीचा होता. मी बटणांसारखं मोजत होते, जोडीनं, म्हणून सेकंद दुप्पट यायचे. चौतीस वर्षांत माझा आकडा चुकला नाही असं मी जन्मभर सांगत आले, तो नेमका तुझ्या एकुलत्या एक पोरीच्या अंगावर चुकला. हे मी आता लिहिलं. पुन्हा लिहायला लावू नकोस.

तिनं काय केलं? घरी बसून तपासलं, मला कळवलं, आणि मी नीट होईपर्यंत चांगलं आलेलं वादळ सोडून दिलं. तिला पंधरा तारखेची घाई होती आणि तरी सोडलं. मी असते तर सोडलं नसतं. म्हणून माझं उत्तर हो आहे. धोका आहे, तुला खोटं सांगत नाही. पण आभाळाचं काय, ते आधी चमकून सांगतं, मग गरजून सांगतं. गर्जेल तो पडेल काय असं म्हणणाऱ्यानं काही बघितलेलं नाही. पडतो. गर्जतो आणि पडतोही. मोजणारा माणूस मात्र आधी काही सांगत नाही, तो तपासून घ्यावा लागतो.

दुसऱ्या वेळी मोजणं बरोबर आलं. घड्याळजीनं पास केलं. तरी एक गोष्ट झाली. कॅमेरा पडत होता म्हणून तुझ्या लेकीनं दाराची कडी धरली. मी तिला उतरू दिलं नाही. ती थांबली. मग वीज पडली, बाहेर, जवळ. ती आत होती. एवढंच. तीच म्हणाली की आईला हे कळायला हवं. तेव्हा तिच्यावर ओरडायचं असेल तर एकदाच ओरड आणि सोडून दे. नियम मोडावासा वाटला हे ती आपण होऊन सांगते, असं माणूस मला कारखान्यात चौतीस वर्षांत दोनदा भेटलं.

पुढच्या मोसमात मोजायला मीच जाणार आहे. मैत्रीण परत आली तरी. मी तिला तपासून घेईन.

फोटोवाल्याला सांग की स्टूल दुसऱ्या कुणाला दे. गादी काढून घे, मला गाडीत पाठीला लागेल.

तू फोनचा प्लग ठेवतेस ते मी दोनदा वाचलं. बाकीचे काढत जा, मी हसणार नाही. चादरीला हसेन.

आता तो दुसरा फोटो, तुला मिळाला असेल. स्टँड कलंडताना काढलेला, म्हणून आभाळ तिरकं आहे. वर सगळा ढग उजळलेला, खाली गाडी, आणि काचेच्या मागे आम्ही दोघी. प्रकाशकबाईंना तोही हवाय. वादळात कुठे बसायचं ते मुलांना दाखवायला, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर. म्हणजे आता गावोगावची पोरं मला बघणार. केस विस्कटलेत, एका हातात तुझ्या लेकीच्या पिशवीचा पट्टा आहे, आणि तोंड एवढं मोठं उघडं आहे की दाढेतली चांदी मोजता येईल.

मोजणं कसं सुधारलं ते तू विचारशील. आणि फोटोत मी काय ओरडतेय तेही विचारशील, भिंग घेऊन ओठ बघशील, मला माहीत आहेस तू. भिंगरीला विचारून उपयोग नाही, ती शब्दाची पक्की आहे. घड्याळजी माझ्या बाजूचा आहे.

लोभ आहे. तो कुठून आला ते शोधत बसू नकोस.

काय ओरडले ते मी सांगणार नाही. पत्रात नाही, फोनवर नाही, समोर आलीस तरी नाही. संपलं.

तुझी,
थोरली